धुतलेली किल्ली

विजार धुवायला टाकण्याआधी तिचे खिसे बघावेत, असा आमच्या घरात नियम आहे. खिसे धुणाऱ्याने बघायचे, असं माझं म्हणणं. ज्याची विजार त्याने बघायचे, असं बायकोचं म्हणणं. या घटनात्मक पेचाचा निकाल आमच्या लग्नापासून प्रलंबित आहे. पण त्या रविवारी सकाळी धुण्याच्या यंत्रातून 'खडाक खडाक' असा आवाज यायला लागला तेव्हा तो निकाल किती निकडीचा होता हे मला कळलं.

"यंत्राचं काहीतरी सुटलंय," मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो.

"तुमचंच काहीतरी राहिलंय," बायको म्हणाली.

यंत्र थांबवून, पाणी काढून, दार उघडून तिने माझी राखाडी विजार बाहेर ओढली. उजव्या खिशातून गाडीची किल्ली निघाली. इतकी स्वच्छ ती कारखान्यातून निघतानाही नसेल. फेसाचा एक बुडबुडासुद्धा होता तिच्यावर.

आता ही किल्ली म्हणजे साधी लोखंडी किल्ली नव्हे. साधी किल्ली धुतली काय, तळली काय, तिला काही होत नाही. ही स्मार्ट की. आमच्या घरात जिला अधिकृतपणे स्मार्ट म्हणता येईल अशी ही एकच वस्तू. ती नुसती खिशात असली की गाडी आपल्याला ओळखते, आपोआप कुलूप काढते आणि बटण दाबलं की सुरू होते. किल्ली फिरवायला आत भोकच नाही. गाडी घेतली तेव्हा मला या गोष्टीचं इतकं कौतुक होतं, की पाहुणे आले की मी दोन्ही हात वर करून गाडीपाशी जायचो आणि गाडी "कुईं" करून डोळे मिचकवायची. "बघा, हात न लावता," असं मी म्हणायचो. पाहुणे बिचारे "वा" म्हणायचे.

ही गाडी मी आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांकडून ते निवृत्त झाले तेव्हा विकत घेतली होती. दुसरी किल्ली कुठे आहे असं विचारलं तर ते म्हणाले, "सापडली की देतो." पुढे ते मुलाकडे परदेशी गेले. किल्लीही बहुधा गेली असावी, कारण ती इथे कुठे सापडली नाही.

बायकोने किल्ली पुसली, हलवली, कानाशी धरली. मी खिडकीत उभा राहून बटण दाबलं. खाली गाडी ढिम्म. "कुईं" नाही, डोळा नाही. जणू आमची ओळखच नव्हती.

एरवी मी फारशी फिकीर केली नसती. पण त्याच आठवड्यात, गुरुवारी, आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते हिनेच. आता ती आमच्याकडेच असते. ऐकू कमी येतं, त्यासाठी कानात यंत्र आहे. पण बोलणी नको असली की ती ते काढून ठेवते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेली कित्येक वर्षं ती ऑपरेशन पुढे ढकलत होती. कधी फार ऊन आहे म्हणून, कधी फार गारठा आहे म्हणून, कधी डॉक्टरचा चेहरा बरा नाही म्हणून. चेहरा तिला दिसला कसा, हे मी विचारलं नाही. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता उशीर केलात तर मी हमी देणार नाही. मी, बायको आणि डॉक्टर अशा तिघांनी मिळून तिला वळवलं, तेव्हा तिने एक अट घातली.

"तुझ्या गाडीतून नेशील तर येईन. भाड्याची गाडी नको. ते मेले खड्डा बघून वेग वाढवतात. येताना नवा डोळा बाहेर पडायचा."

मी आनंदाने कबूल केलं होतं. आणि आता रविवारी सकाळी ती आपल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आली आणि तिला नको तेवढं नेमकं ऐकू आलं.

"किल्ली बिघडली का रे? अरेरे. मग राहू दे हो गुरुवारचं."

एवढं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"काही राहू द्यायचं नाही," मी म्हणालो. "गुरुवारच्या आत किल्ली होईल."

असली वाक्यं माणसाने उभ्याने बोलू नयेत. बसून, पाणी पिऊन, दोन माणसांना विचारून बोलावीत.

किल्ली तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावी, म्हणजे तांदूळ पाणी शोषून घेतात, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. यांना सगळी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते, आणि त्यांना ते माहीत असून ते त्याला आदर समजतात. मी किल्ली तांदळात ठेवली. दुसऱ्या दिवशी काढली. तांदळाला साबणाचा वास लागला. किल्ली होती तशीच. पाणी शोषलं असेल तर ते तांदळानेच ठेवून घेतलं. किल्लीच्या अंगात जीव काही आला नाही.

"सेल बदला," सर्वज्ञ म्हणाले. सेल बदलला. "उलटा बसवला असेल." सुलटा बसवला. "आता मात्र एकच उपाय. किल्लीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं. आणीबाणीसाठी. ते काढा आणि दार उघडा. दार उघडलं की पुढचं आपण बघू."

यातलं 'आपण बघू' हे फार धोक्याचं वाक्य आहे. त्यात बघणारे ते असतात आणि दिसणारे आपण.

पण पातं खरंच होतं. खाली जाऊन मी ते दाराच्या भोकात घातलं, फिरवलं, दार उघडलं. मी विजयी मुद्रेने सर्वज्ञांकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी गाडी किंचाळू लागली.

गाडीचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या दृष्टीने मी चोर होतो. ओळखीची किल्ली जवळ नाही आणि पात्याने दार उघडतोय, म्हणजे दुसरं काय? पण हे तिने इतक्या मोठ्याने आणि इतका वेळ सांगायची गरज नव्हती. दिवे उघडझाप करत होते, भोंगा बोंबलत होता आणि बाराच्या बारा गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. मी चालवतो ती गाडी माझीच आहे हे या लोकांना ठाऊक होतं. तरीही प्रत्येकाच्या नजरेत जराशी शंका आली. माणूस वर्षानुवर्षं सरळमार्गी वागतो ते अशा एका सकाळी पुसलं जातं.

"बंद करा!" इमारतीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले.

"कसं?" मी खालून ओरडलो.

"ते तुम्ही बघा! गाडी तुमची आहे!"

निदान एवढं तरी त्यांनी जाहीरपणे मान्य केलं.

अखेर सर्वज्ञांनी पुढचं झाकण उघडून बॅटरीची वायर ओढून काढली. भोंगा एकदम गप्प झाला. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सर्वज्ञांनी हात हलवून त्या स्वीकारल्या. सेक्रेटरींनी मात्र संध्याकाळी लिफ्टजवळच्या फलकावर एक सूचना लावली : 'वाहनधारकांनी आपापली वाहने शांत ठेवावीत.' नाव कुणाचं नव्हतं. पण सगळेजण फलक वाचून माझ्या दाराकडे बघत जात.

"झाली का गाडी?" आत्याने जेवताना विचारलं.

"होते आहे."

"नाही झाली तर मनाला लावून घेऊ नको. माझं काय, मला सवय झालीय न दिसण्याची."

मंगळवारी मी रजा टाकून कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. तिथे काचेच्या दाराआड गारेगार हवा, गुबगुबीत सोफे आणि कानाला यंत्र लावलेल्या एक ताई होत्या. त्या माझ्याशी बोलताहेत की यंत्रातल्या माणसाशी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"नवीन की हवीय? गाडी घेऊन या, सर."

"गाडी सुरू होत नाही."

"का, सर?"

"की नाही म्हणून."

"हो, पण की प्रोग्राम करायची तर गाडी इथे लागेल, सर. कीने गाडीला ओळखायला हवं आणि गाडीने कीला."

"म्हणजे गाडी आणायला की हवी आणि की मिळायला गाडी हवी."

"बरोबर, सर," ताई प्रसन्नपणे म्हणाल्या. माझ्या आकलनशक्तीचं त्यांना खरंच कौतुक वाटलं असावं. "तुम्ही गाडी ओढून आणू शकता. किंवा आमचा माणूस येईल, पण त्याची पुढची वेळ महिनाअखेरची आहे. आणि की हरवल्याचा पोलिसांचा दाखला लागेल."

"हरवली नाही. ही बघा." मी किल्ली काचेवर ठेवली. तिच्या फटीतून तांदळाचा एक दाणा बाहेर पडला.

ताईंनी दाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तरी दाखला लागेल, सर. एकच की असेल आणि ती चालत नसेल, तर आमच्या सिस्टिममध्ये ती हरवलेली धरतात."

पोलीस ठाण्यात एका जाड मिशांच्या हवालदारांनी मला बसवून घेतलं. माणूस भला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"किल्ली हरवली कुठे?"

"हरवली नाही. माझ्याकडे आहे."

"मग चोरीला गेली?"

"नाही. धुतली."

"कुणी?"

खरं उत्तर दिलं असतं तर घरी जाणं अवघड झालं असतं. "घरातच," मी म्हणालो.

"हे बघा," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "वस्तू तुमच्या हातात असताना ती हरवली असं मी लिहून दिलं, तर उद्या मला वरचे विचारतील. तुम्ही असं करा, बाहेर जा, ही कुठेतरी हरवा आणि मग या."

मी बाहेर जाऊन खरोखर कचऱ्याच्या पेटीपाशी उभा राहिलो. हात पेटीवर नेला. पण आयुष्यभर मी एकही वस्तू मुद्दाम हरवलेली नाही; चुकून हरवण्याची सवय, मुद्दाम जमेना. शिवाय ती किल्ली कितीही मेलेली असली, तरी तिने मला कित्येकदा हात न लावता दार उघडून दिलं होतं. मी ती परत खिशात घातली आणि बसने घरी आलो.

बायकोने दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"कोण? ते हरवून या म्हणाले, आणि ते ओढून आणा म्हणाले."

यावर दुसरी एखादी बाई हसली असती. ही आत गेली, मोबाइल घेऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "एक माणूस आहे. घरी येऊन किल्ली करून देतो. उद्या येतोय. आत्यांना मी सांगितलं, गाडी झाली म्हणून."

"झाली? अगं, पण..."

"आत्या दवाखान्यासाठी भरलेल्या पिशवीतून कपडे बाहेर काढत होत्या. मी परत भरून ठेवलेत. आता ती गाडी व्हायलाच हवी."

बुधवारी दुपारी तो माणूस आला. काळा चष्मा, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. चावीवाला म्हणालो तर त्याला राग आला. "मी कोडिंग करतो," तो म्हणाला. म्हणून आम्ही त्याला कोडमास्तर म्हणू लागलो. स्वतःवरचा त्याचा विश्वास बघून मलाही माझ्याविषयी बरं वाटू लागलं.

"चावीचं काय आहे साहेब, चावी म्हणजे नातं असतं," कोडमास्तर सॅकमधून एक पाटीसारखं यंत्र काढत म्हणाला. "जुनं नातं पुसायचं, नवं जोडायचं. मिनिटांचं काम."

बॅटरी दोन दिवस वायर काढलेली आणि त्याआधी भोंग्याने पिळून काढलेली, त्यामुळे तिच्यात ताकद नव्हती. सर्वज्ञांनी आपली गाडी शेजारी आणून तारा जोडल्या. वायर लागताक्षणी भोंगा परत सुरू झाला. सेक्रेटरी परत तिसऱ्या मजल्यावर आले. ते ओरडायच्या आत कोडमास्तरने स्टिअरिंगखालच्या एका खोबणीत आपल्या यंत्राची वायर खुपसली आणि काहीतरी दाबलं. भोंगा थांबला. सेक्रेटरींचं तोंड उघडलेलंच राहिलं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी जांभई दिली.

"आता मी सांगेन तसं करा," कोडमास्तर म्हणाला. "दार उघडा. लावा. उघडा. लावा. ब्रेकवर पाय. पाय काढा. दिवे लावा. अजून नाही! आता. दार."

मी ते सगळं केलं. सर्वज्ञ बाहेरून मोठ्याने आकडे मोजत होते, कुणी मोजायला सांगितलं नसताना. मध्येच काच वाहू लागली. म्हणजे पाणी उडालं आणि पुसणी सुरू झाली. मग चारही खिडक्या आपोआप खाली गेल्या. मग मागची डिकी उघडली आणि तिच्यावर टेकून उभे असलेले सर्वज्ञ एकदम उंच झाले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गाडी आठवतेय," कोडमास्तर गंभीरपणे म्हणाला.

शेवटी त्याने एक नवी कोरी किल्ली माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं. गाडीने "कुईं" केलं आणि डोळे मिचकावले. खरं सांगतो, मी तिच्या टपावर थोपटलं. इंजिन सुरू केलं तर ते सुरूही झालं. वरच्या गॅलरीतून बायकोने पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं, म्हणजे तिलाही बरं वाटलं.

जाताना कोडमास्तर म्हणाला, "थोडंसं सेटिंग राहिलंय. परवा येऊन करतो. पण ते गौण आहे."

गौण म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. पण इतका आनंद झालेला असताना माणूस 'गौण' शब्दाचा अर्थ विचारत नाही.

गुरुवारी सकाळी बायको आधी बसने पुढे गेली, दवाखान्यात नंबर लावायला. मी आत्याला हळूहळू खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी, हातात छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, पण छत्रीशिवाय ती बाहेर पडत नाही.

"किल्ली कुठाय?" तिने विचारलं.

"माझ्या खिशात."

"तुझ्या खिशात नको. दे इकडे. नवा डोळा बसेपर्यंत जुन्याने सांभाळते."

मी हसून किल्ली तिला दिली. तिने ती रुमालात गुंडाळून बटव्यात ठेवली, बटवा पिशवीच्या तळाशी, आणि पिशवीवर दोन्ही हात. किल्ली गाडीत होती, गाडी सुरू झाली, आम्ही निघालो. मी प्रत्येक खड्डा दुरून ओळखत गाडी चालवत होतो. आत्या कौतुकाने म्हणाली, "छान चालवतोस रे," आणि मग तिने डोळे मिटून घेतले. कानातलं यंत्र काढून पदराला अडकवलं. झोपेत तिला गाडीचा आवाज नको असतो.

दवाखान्याच्या आधीच्या चौकात औषधाचं दुकान आहे. ऑपरेशनआधी घालायचे थेंब तिथूनच घ्यायचे होते. मी गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि उतरलो. दार लावलं, चार पावलं गेलो. मागून आवाज आला : "कुईं."

मी वळून पाहिलं. गाडीने डोळे मिचकावले होते. चारही दारं कुलूपबंद.

गौण सेटिंग ते हे होतं. मालक दूर गेला की गाडीने आपोआप कुलूप लावायचं. पण किल्ली आत आहे हे तिला कळायला हवं होतं, ते कळत नव्हतं. निघताना तिने ओळखलेली किल्ली, इंजिन बंद होताच, रुमालात, बटव्यात, पिशवीच्या तळाशी असूनही तिच्या लेखी नव्हतीच.

मी काचेवर टकटक केली. आत्या झोपलेली. मी जोरात ठोकलं. "आत्या! ए आत्या!" ती घोरत होती हे काचेतूनही दिसत होतं. आणि खिडक्या सगळ्या घट्ट वर.

ऊन आता रस्त्यावर आलं होतं. ते हळूहळू गाडीच्या टपावरून काचेवर उतरत होतं. मी कोडमास्तरला फोन लावला. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती..." मी सेवाकेंद्राला लावला. तिथल्या ताई म्हणाल्या, "गाडी घेऊन या, सर." मग बायकोचा फोन आला.

"कुठे आहात? नंबर जवळ आलाय!"

"जवळच आहोत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

तोवर माणसं जमली होती. रस्त्यावर एक बंद गाडी आणि तिच्याभोवती नाचणारा एक माणूस, एवढं पुरे असतं. फूटपट्टी घुसवा, असं एकजण म्हणाला. कपड्याचा हँगर आणा, दुसरा म्हणाला. एका बाईंनी गाडीला मागून धक्के द्यायला सांगितलं, म्हणजे म्हातारी जागी होईल. तिघांनी मिळून गाडी गदागदा हलवली. आत्या झोपेत हसली. बहुधा कुणी पाळण्यात घातल्याचं स्वप्न पडलं असावं.

"काच फोडा," औषधवाले दुकानातून बाहेर येऊन म्हणाले. "वेळ घालवू नका. आत कोंदेल."

"मागची लहान काच फोडा, ती स्वस्त पडते," एक.

"लहान काचच महाग असते. मोठी फोडा," दुसरा.

या दोघांचा यावरून वाद लागला. एकाच्या मेहुण्याचं काचेचं दुकान होतं म्हणे. मी त्यांचं ऐकत नव्हतो. काचेला नाक लावून आत बघत होतो. आत्याच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले होते. तोंड थोडं उघडं. आणि मला एकदम वाटलं, ती हसत होती ते मघाशी. आता ती हलत नाहीये.

हीच बाई लहानपणी मला ताप आला की उशाशी बसून असायची, आणि हिला मी एका काचेच्या डब्यात बंद करून थेंब आणायला निघालो होतो. मी पदपथाच्या कडेचा एक सुटलेला दगड उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. "बाजूला व्हा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मोठी काच की लहान काच हा वाद थांबला.

आणि आत्याने डोळे उघडले.

आता तिच्या बाजूने बघा. मोतीबिंदूने सगळं धुरकट. झोपेतून जाग येते तो काचेबाहेर एक माणूस डोक्यावर दगड धरून उभा आणि त्याच्या मागे टोळी. मी कुठे दिसत नाही. दुसरी कुणी असती तर भीतीने गारठली असती. आत्याने हात लांब करून दाराचं हँडल ओढलं. आतून दार साध्या हँडलने उघडतं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी तिला सांगणार कसं?

दार उघडलं. गाडीने परत बोंब ठोकली. आणि त्या बोंबेच्या वर आत्याचा आवाज :

"मेल्या! म्हातारी बाई बघून काच फोडतोस? लाज नाही वाटत?"

आणि छत्री. पहिली खांद्यावर बसली. दुसरी कोपरावर. मी दगड टाकला, तो माझ्याच पायावर पडला.

"आत्या, मी! मी आहे!"

यंत्र पदरावर, भोंगा कानाशी. तिला काय ऐकू येणार? तिसरी छत्री मी हातात पकडली. तिने हिसका देत माझा हात चाचपला, मनगट, मग चेहरा. नाकावर बोटं थांबली. आमच्या घराण्याचं नाक डोळे नसले तरी ओळखू येतं.

"तू होय?" ती म्हणाली. "मग तो चोर पळाला का?"

मी तिला मिठी मारली. रस्त्यात, भोंग्यात, चाळीस-पन्नास माणसांसमोर. ती घामाने चिंब होती आणि जिवंत होती. औषधवाल्यांनी तिला पाणी दिलं आणि थेंबांची बाटली माझ्या खिशात टाकली. कुणीतरी पंखा आणला, वहीच्या पुठ्ठ्याचा. मी पिशवी उपसून, बटवा उघडून, रुमाल सोडून किल्ली काढली आणि बटण दाबलं. भोंगा बंद झाला. गर्दीने समाधानाचा सुस्कारा टाकला, आणि जरा निराशेचाही. काच कुठलीच फुटली नव्हती.

गाडीत बसलो तर समोरच्या पडद्यावर अक्षरं : 'किल्ली सापडत नाही.' हातात धरलेली असताना! तेव्हा मात्र माझा संयम संपला. "ही बघ! ही! ही!" असं म्हणत मी किल्ली सुरू करायच्या बटणावरच आपटली. गाडी सुरू झाली. का ते मला माहीत नाही. काही नात्यांना थोडं ओरडल्याशिवाय चालत नसावं.

दवाखान्याच्या पायरीवर बायको उभी होती. माझा लंगडणारा पाय, खांद्यावर छत्रीचा ठसा आणि आत्याचा लाल चेहरा, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं. "नंबर गेला होता. नर्सबाईंशी भांडून मागचा घेतलाय. चला," एवढंच म्हणाली.

"नंबर गेला असेल तर राहू दे हो," आत्या पुटपुटली.

"आत्या, चला," बायको म्हणाली. आणि आत्या गेली. माझ्याशी वाद घालता येतो हे तिला ठाऊक आहे, तसं हिच्याशी घालता येत नाही हेही.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मग मी तिला सगळं सांगितलं. ऐकताना तिचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला.

"खिसे मीच बघायला हवे होते," ती म्हणाली.

"नाही गं. माझी विजार."

इतकी वर्षं प्रलंबित असलेला प्रश्न असा उलटसुलट मिटला. दोन्ही पक्ष हरले आणि दोघांनाही बरं वाटलं. आतून डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, "उत्तम झालं. मधे एकदा त्या म्हणाल्या, हळू, खड्डा आहे. बाकी काही त्रास नाही."

मी हसायला लागलो, आणि थांबता येईना. बायकोने पाठीवर थोपटलं. भाड्याची गाडी करू या का, असं तिने हळूच विचारलं. मी नको म्हणालो. किल्ली मुठीत घट्ट धरून, सगळ्या काचा खाली करून, मी दोघींना घरी आणलं.

शुक्रवारी कोडमास्तर आला आणि गौण सेटिंग करून गेला. मी त्याला काही बोललो नाही; बायको बोलली. तो काळा चष्मा काढून ऐकत होता. जाताना त्याने आपणहून दुसरी किल्ली करून दिली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आत्याची पट्टी काढली. ती खुर्चीत बसली होती. आधी तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चेहरा बरा आहे की." मग बायकोकडे बघून तिच्या साडीचा रंग सांगितला, बरोबर सांगितला. मग भिंतीवरचं घड्याळ, खिडकी, खिडकीतलं झाड, असं एकेक बघत बघत नजर माझ्यावर आली. ती वाकून बघत राहिली. बराच वेळ.

"अरे," ती हळूच म्हणाली, "तुझे केस कधी रे पिकले?"

"काल," मी म्हणालो. "औषधाच्या दुकानासमोर."